नोकरीसाठी सल्ला विकत घेताना: राजारामपुरीतील एका सेवेचा सहा महिन्यांचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचे एक कार्यालय आहे. बायोडाटा तयार करून देणे, इंटरव्ह्यूची तयारी करून घेणे आणि उमेदवाराची माहिती कंपन्यांकडे पाठवणे अशी तीन कामे तेथे एकाच शुल्कात केली जातात. शुल्क ६,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ७,०८० रुपये. मुदत सहा महिने. ही सेवा मी पूर्ण मुदतभर वापरली. कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण माझ्या अनुभवात चांगले आणि वाईट दोन्ही आहे आणि अशी कार्यालये आपल्याकडे आता गल्लोगल्ली दिसू लागली आहेत. वाचणाऱ्याला खरा उपयोग व्हायचा तो अशा ठिकाणी नेमके काय विकत घ्यावे आणि काय घेऊ नये, हे कळण्याचा आहे. माझे मत आधीच सांगते. पहिल्या कामासाठी मी पुन्हा आनंदाने पैसे देईन, दुसरे चांगले होते आणि तिसरे मला कोणी फुकट देऊ केले तरी मी पुन्हा घेणार नाही.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत, म्हणजे वितळलेले लोखंड साच्यात ओतून भाग (कास्टिंग) बनवणाऱ्या कारखान्यात, नऊ वर्षे क्वालिटी विभागात होते. कोल्हापूरचा फाउंड्री व्यवसाय मुख्यतः मोटारगाड्या, ट्रॅक्टर, पंप आणि इंजिने यांना लागणाऱ्या कास्टिंगवर चालतो. त्यामुळे पुण्यातल्या किंवा चेन्नईतल्या एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाने महिन्याचे शेड्यूल कमी केले की त्याचा परिणाम आपल्याकडच्या पाळ्यांवर लगेच दिसतो. आधी ओव्हरटाइम थांबतो, मग तिसरी पाळी बंद होते, मग कंत्राटी मुलांना ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे सांगितले जाते आणि त्यानंतर जे प्रत्यक्ष माल तयार करत नाहीत, म्हणजे क्वालिटी, प्लॅनिंग, स्टोअर यांतल्या लोकांकडे नजर वळते. आमच्या विभागात आम्ही नऊ जण होतो, त्यांतले पाच राहिले. मला राजीनामा लिहून द्यायला सांगितले गेले आणि मी तो दिला. नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी मिळाली, दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने, आणि त्या पैशांवर काही महिने घर चालेल एवढी सोय झाली.

आपल्याकडे नोकरी शोधण्याची रूढ पद्धत म्हणजे ओळख. कुणीतरी साहेबांच्या कानावर घालते, शब्द टाकते, आणि काम होते. या पद्धतीला मी नावे ठेवत नाही, माझी पहिली नोकरीही अशीच लागली होती. परंतु मंदीच्या दिवसांत ती नेमकी अपुरी पडते, कारण ज्यांच्याकडे शब्द टाकायचा त्यांच्याच कारखान्यातली तिसरी पाळी बंद झालेली असते. माझ्या ओळखीचे सगळेच लोक फाउंड्री आणि मशीन शॉपमधले. एकाच आठवड्यात मी सात जणांना फोन केले आणि सातही जणांनी मनापासून तेच उत्तर दिले. आत्याबाई म्हणाल्या, “अगं, एवढं शिकलीस, मग दारोदार जाऊन विचारायला लाज कसली?” मी तेही केले. शिरोली आणि गोकुळ शिरगाव या दोन्ही एमआयडीसींत चार दिवस स्कूटरवरून फिरले. एका गेटवर वॉचमनकाकांनी माझा बायोडाटा घेतला आणि खिडकीखालच्या एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात ठेवला. डबा आधीच भरलेला होता. “ठेवून जावा म्याडम, सायबांस्नी देतो,” असे ते म्हणाले, आणि त्यांनी तो दिलाही असेल.

ऑनलाइन अर्जांची मी वही ठेवली होती. दहा आठवड्यांत ९६ अर्ज केले आणि पाच फोन आले. त्यांतले दोन विमा विकण्याच्या कामाचे होते, एका ठिकाणी ‘नोंदणीसाठी’ पैसे मागितले आणि उरलेल्या दोन ठिकाणी पहिल्या फेरीनंतर काहीच कळले नाही. तेव्हा मला असे वाटू लागले की दोष बाजाराचा आहे तसाच माझ्या कागदाचाही आहे, आणि त्या विचाराने मी त्या पहिल्या मजल्यावरच्या कार्यालयात गेले.

तिथली पहिली बैठक दोन तास चालली. समोर बसलेले गृहस्थ एका मोठ्या कारखान्याच्या पर्सोनेल विभागातून निवृत्त झालेले होते. त्यांनी माझा दोन पानांचा बायोडाटा सावकाश वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, हे तुमच्या कामाचं नाव झालं. तुम्ही काम काय केलं, ते सांगा.” त्या कागदावर ‘क्वालिटी कंट्रोलच्या सर्व कामांची जबाबदारी’ अशा अर्थाची ओळ होती, जी बहुधा मी पहिल्या वर्षी कुणाच्या तरी बायोडाट्यावरून उतरवली होती आणि नंतर नऊ वर्षे बदलली नव्हती. मी सांगितले की रिजेक्शन कमी केले. त्यांनी विचारले, किती होते. मी म्हणाले, पावसाळ्यात साडेसहा टक्क्यांपर्यंत जायचे. किती झाले? पुढच्या पावसाळ्यात साडेतीनच्या आत आले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला आजवर कोणत्याही इंटरव्ह्यूत विचारला गेला नव्हता: “तुम्ही तिथं नसता, तर ते झालं असतं का?”

त्या प्रश्नाचे उत्तर देताना मला सगळे आठवत गेले. दर जुलै-ऑगस्टमध्ये पंपाच्या बॉडीमध्ये ब्लो होल, म्हणजे वायू अडकून पडणारी छिद्रे, वाढत. सगळे जण वाळूतल्या ओलाव्याला दोष देत आणि सॅन्ड प्लांटवाल्यांशी भांडत. मी तीन आठवडे रोज रिजेक्ट झालेल्या नगांवरची हीट (भट्टीतल्या कोणत्या वितळणीचा माल ते) आणि पाळी लिहून काढली, तेव्हा लक्षात आले की दोषी माल बहुतेक सकाळच्या पाळीच्या पहिल्या तीन तासांतला आहे. त्या वेळी वापरले जाणारे कोअर, म्हणजे भागाच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे ठोकळे, आदल्या रात्री बनवून दाराजवळच्या उघड्या रॅकवर ठेवलेले असत. कोल्हापूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको की रात्रभरात त्या दारातून किती दमट हवा आत येत असेल. कोअर ती ओल शोषून घेत आणि त्यांवर वितळलेले लोखंड पडले की वायू बाहेर पडायला जागा शोधत कास्टिंगमध्येच अडकत. उपाय अगदी साधा होता. रॅक आतल्या बंद खोलीत हलवला, तिथे हीटर लावला आणि प्रत्येक ट्रेवर कोअर बनवल्याची वेळ खडूने लिहायला सुरुवात केली, म्हणजे आधीचा ट्रे आधी वापरला जाईल. कोअर शॉपमधल्या मावशींना ते पटवून द्यायला महिना लागला, कारण खडूचे काम त्यांच्या रोजच्या कामात वाढले होते आणि त्याचा फायदा मात्र दुसऱ्याच विभागाच्या आकड्यांत दिसत होता.

हे सगळे त्या गृहस्थांनी लिहून घेतले नाही. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि मलाच लिहायला सांगितले, आधी मराठीत, जसे बोलले तसे. मग त्यातून चार ओळी निवडल्या. मी म्हणाले की कंपनीचे आकडे बाहेर सांगणे योग्य नाही. त्यावर त्यांनी दिलेला सल्ला मी आजही पाळते: गिऱ्हाइकाचे नाव, भागाचा नंबर आणि पैशातली रक्कम लिहायची नाही, टक्केवारीतला फरक, लागलेला काळ आणि स्वतः केलेली कृती एवढेच लिहायचे. या पद्धतीने नऊ वर्षांतली सहा कामे निघाली. त्यांतली दोन मी स्वतःच विसरून गेले होते. रात्री घरी येऊन मी ती पाने पुन्हा वाचली आणि नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच मला असे वाटले की माझ्या हातात काहीतरी आहे.

या सेवेचे खरे मोल मला येथे दिसते. अनुभवी माणसाला आपल्या कामाची इतकी सवय झालेली असते की ते काम म्हणून दिसेनासे होते, आणि रिकामे बसल्यावर तर आपण काही केलेच नाही अशी भावना बळावत जाते. अशा वेळी समोर बसून नेटाने प्रश्न विचारणारा, कारखान्याची भाषा समजणारा आणि आपल्या उत्तरावर समाधान न मानणारा माणूस लागतो. घरची माणसे हे करू शकत नाहीत, कारण ती आपल्या बाजूची असतात. मित्र करू शकत नाहीत, कारण त्यांना आपले काम आधीच ठाऊक असते.

बायोडाट्याची टंकलेखन आणि मांडणीची बाजू कार्यालयातील एका तरुण मुलीने पाहिली आणि ती ठीकठाक होती. मोठ्या कंपन्यांकडे आणि जॉब पोर्टलवर आलेले अर्ज आधी संगणक वाचतो, म्हणून दोन रकाने, चौकटी आणि फोटो काढून टाकून एका सरळ रकान्यात साधा मजकूर ठेवला, आणि जाहिरातीत जो शब्द वापरला असेल तोच शब्द आपल्या कामासाठी वापरायला सांगितले. ‘कंट्रोल प्लॅन’, ‘पीपीएपी’, ‘आयएटीएफ १६९४९’ हे वाहन उद्योगातल्या क्वालिटीच्या कामाचे शब्द माझ्या रोजच्या बोलण्यात होते, पण कागदावर कुठेही नव्हते. मात्र इथेच एक गंभीर चूक घडली. तयार होऊन आलेल्या प्रतीत ‘सिक्स सिग्मा ब्लॅक बेल्ट’ अशी ओळ होती. मी हा अभ्यासक्रम कधीही केलेला नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी नमुन्यावरून ती ओळ राहून गेली, असे मला सांगण्यात आले आणि ती लगेच काढलीही. परंतु मी प्रत वाचली नसती, तर खोट्या पात्रतेचा कागद माझ्या सहीने फिरला असता. आपल्या नावावर जाणारी प्रत्येक ओळ स्वतः वाचल्याशिवाय प्रत स्वीकारू नये, हे मी अगदी आग्रहाने सांगेन.

इंटरव्ह्यूच्या तीन सराव बैठका त्या निवृत्त गृहस्थांनीच घेतल्या. पहिली मराठीत, दुसरी इंग्रजीत आणि तिसरी व्हिडिओ कॉलवर, कारण पुण्याच्या कंपन्यांची पहिली फेरी आता तशीच होते. ‘पाच महिने घरी का?’ या प्रश्नाला मी आधी लांबलचक खुलासा देत असे. त्यांनी तो दोन वाक्यांवर आणला: ऑर्डर कमी झाल्याने विभागातील चार जागा कमी झाल्या, त्यांत माझी होती, या काळात मी मापन यंत्रणेच्या विश्लेषणाचा अभ्यास पक्का केला. त्यानंतर थांबायचे. थांबणे मला फार अवघड गेले. पगाराच्या आकड्याबाबतचे मार्गदर्शनही उपयोगी होते. कंपनी जो सीटीसी, म्हणजे तिला पडणारा वर्षाचा एकूण खर्च, सांगते त्यात मालकाचा पीएफचा हिस्सा आणि मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीची तरतूद बहुधा धरलेली असते, त्यामुळे हातात येणारी रक्कम विचारल्याशिवाय होकार देऊ नये, हे त्यांनी कागदावर आकडेमोड करून दाखवले.

एका गोष्टीवर आमचे जमले नाही. बाईमाणूस असल्याने समोरचा माणूस न विचारता मनात शंका धरतो, म्हणून मुलगी किती वर्षांची आहे, सांभाळायला घरी कोण आहे, हे आपणहून सांगावे, असा त्यांचा सल्ला होता. त्यामागे त्यांचा अनुभव होता हे मी नाकारत नाही. तरीही मी तो मानला नाही. माझ्याबरोबर काढल्या गेलेल्या पुरुष सहकाऱ्यांना कोणीही मुलांविषयी विचारत नाही, आणि पंधरा दिवसांत रुजू होईन व तिन्ही पाळ्यांत काम केले आहे, एवढे सांगितल्यावर कामाच्या दृष्टीने आणखी काही सांगण्यासारखे उरत नाही. त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि पुढच्या सरावात तो मुद्दा काढला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आता तिसऱ्या कामाविषयी, म्हणजे बायोडाटा कंपन्यांकडे पाठवण्याविषयी. ते समजण्यासाठी या व्यवसायातला पैसा कुठून येतो ते माहीत असावे लागते. कंपनीला माणूस मिळवून देणाऱ्या कन्सल्टन्सीला तिचा मोबदला कंपनीकडून मिळतो. तो बहुतेक वेळा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतका असतो. अशी कन्सल्टन्सी उमेदवाराकडून पैसे घेत नाही आणि तिला योग्य माणूस योग्य जागी पोहोचवण्यातच फायदा असतो, कारण माणूस रुजू झाला तरच तिला पैसे मिळतात. मी जिथे गेले तिथे उमेदवार आधीच पैसे भरून मोकळा झालेला असतो. त्यामुळे पाठवलेल्या बायोडाट्यांचा आकडा दाखवणे हेच काम होऊन बसते. दर पंधरवड्याला मला एक यादी येई. चार महिन्यांत ४१ नावे आली. त्यांत तळोज्याच्या एका कारखान्यातली नवशिक्यांसाठीची जागा होती, एका औषध कंपनीची होती आणि दोन नावे अशी होती की जिथे मी आधीच स्वतः अर्ज केला होता.

त्या दोन नावांपैकी एकाने मला फार त्रास दिला. कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीत माझी पहिली फेरी झालेली होती आणि दुसरीसाठी बोलावणे यायचे होते. तेवढ्यात माझाच बायोडाटा या कार्यालयातून तिथे पोहोचला. एचआरच्या बाईंचा फोन आला. त्यांचा स्वर नम्र होता, पण प्रश्न स्पष्ट होता: “तुम्ही थेट अर्ज केला होता ना, मग मध्ये कन्सल्टन्सी कशी आली? उद्या त्यांनी बिल पाठवलं तर?” मी सगळी हकिकत सांगितली, मेलवर लेखीही कळवले. ती जागा मला मिळाली नाही. केवळ याच कारणाने मिळाली नाही असे मी म्हणू शकत नाही, परंतु ज्या बाजारात एका जागेला शेकडो अर्ज येतात तिथे समोरच्याला एवढीशी शंकाही पुरते.

मी दुसऱ्याच दिवशी कार्यालयात गेले आणि लेखी दिले की यापुढे कंपनीचे नाव, पद आणि तारीख मला आधी कळवून माझा होकार घेतल्याशिवाय माझा कागद कुठेही पाठवू नये. त्या निवृत्त गृहस्थांना ही घटना ठाऊक नव्हती. पाठवण्याचे काम आतल्या खोलीतून होत असे. त्यांनी चूक मान्य केली. पैसे परत मिळाले नाहीत आणि मीही मागितले नाहीत, कारण पहिल्या बैठकीचे मोल मला मिळालेले होते. मात्र ज्यांची पूर्ण सेवाच फसवी निघाली असेल त्यांनी गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मोबदला देऊन घेतलेल्या सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर त्या तक्रारीला शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ऑफर लेटरसाठी, लॅपटॉपच्या अनामतीसाठी किंवा ‘ट्रेनिंग किट’साठी ऑनलाइन पैसे उकळले गेले असतील तर तो सायबर गुन्हा असून १९३० वर लगेच फोन करावा, जितका उशीर होईल तितके पैसे थांबवणे कठीण होत जाते.

पैसे मोजण्याआधी जे विनामूल्य आहे ते वापरून पाहावे, हेही मला उशिरा सुचले. राज्य शासनाचे महास्वयम आणि केंद्र शासनाचे २०१५ मध्ये सुरू झालेले नॅशनल करिअर सर्व्हिस, या नोकरीच्या दोन्ही संकेतस्थळांवर नोंदणीला काही खर्च नाही. माझ्या वडिलांच्या काळी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड असे आणि त्याचे नूतनीकरण चुकले तर घरात बोलणी बसत. १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांवर रिक्त जागा कळवण्याचे बंधन घातले होते, पण माणूस त्याच यादीतून घेण्याचे बंधन नव्हते, त्यामुळे खासगी क्षेत्रात त्या कार्डाचा उपयोग मर्यादितच राहिला. रोजगार मेळाव्यांबाबत माझा अनुभव असा की तिथल्या जागा बहुतांशी आयटीआय, डिप्लोमा आणि नवीन पदवीधरांसाठी असतात. नऊ वर्षे काम केलेल्या माणसाला तिथे लगेच जागा मिळण्याची शक्यता कमी असते, तरीही चार कंपन्यांच्या एचआरशी समोरासमोर बोलता येते आणि बिस्किटाच्या डब्यापेक्षा ते कितीतरी बरे. माझ्या मावसभावासारख्या नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलांसाठी २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. तिच्यात बारावी उत्तीर्णाला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले होते. ते नोकरी नव्हे, पण कोऱ्या बायोडाट्यावर लिहायला पहिली ओळ देते.

मेळाव्यातून परतताना दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याजवळ सिग्नलला थांबले होते. त्या परिसरातली जुनी बोर्डिंगे आपण रोज पाहतो आणि त्यांचा नोकरीशी असलेला संबंध विसरतो. महाराजांनी १९०१ पासून इथे वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली आणि २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. शिकण्याची सोय आणि नोकरीचा दरवाजा या दोन्हींची जबाबदारी राज्याने उचलायची असते, ही समजूत या शहराला तेव्हापासून आहे. म्हणून ज्याला ओळख नाही आणि ७,०८० रुपयेही नाहीत, अशा गडहिंग्लज-चंदगडकडच्या मुलाला पहिल्या बैठकीसारखे दोन तास कुठल्याही सरकारी किंवा महाविद्यालयाच्या केंद्रात मोफत मिळाले पाहिजेत, असे मला कळकळीने वाटते. त्याला यंत्रसामग्री लागत नाही. निवृत्त झालेले अनुभवी लोक या शहरात भरपूर आहेत.

मला नोकरी या सेवेच्या पाचव्या महिन्याच्या शेवटी लागली, गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये, पुरवठादारांच्या क्वालिटीचे काम. जागेची बातमी जुन्या सहकाऱ्याने दिली, म्हणजे शेवटी ओळख कामी आली. परंतु इंटरव्ह्यूत प्लांट हेडनी बायोडाट्यातल्या त्या कोअरच्या ओळीवर बोट ठेवले आणि पुढचा अर्धा तास आम्ही ओल, रॅक आणि खडू यांविषयीच बोललो. पगार आधीच्यापेक्षा थोडा कमी आहे. ऑफर हातात येण्याआधी एक अडचण आली. जुन्या कंपनीने पीएफच्या नोंदीत माझी नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नव्हती, त्यामुळे ऑनलाइन तपासणीत मी अजून तिथेच कामाला असल्याचे दिसत होते. मी घाबरून राजारामपुरीत फोन केला. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले असतील तर ती तारीख सदस्याला स्वतःच्या यूएएन (पीएफच्या क्रमांकाच्या) खात्यातून आधारच्या ओटीपीवर भरता येते, हे त्यांनी फोनवरच सांगितले आणि दहा मिनिटांत काम झाले. नोकरी सोडलेल्या प्रत्येकाने ही नोंद दोन महिन्यांनी न चुकता तपासावी.

आज मला कोणी विचारले तर मी सांगेन की संपूर्ण पॅकेज घेऊ नका; पहिली बैठक आणि दोन सराव एवढेच वेगळ्या दराने मिळते का ते विचारा. २,५०० ते ३,००० रुपये त्यासाठी मला रास्त वाटतात. जाताना जुन्या वेतनचिठ्ठ्या किंवा प्रमाणपत्रे न्यायची गरज नाही, पण कामाच्या जुन्या डायऱ्या असतील तर त्या जरूर न्या.

मुदत संपल्यावर पावती घ्यायला गेले तेव्हा बाहेरच्या टेबलावर एक नवीन छापील अर्ज ठेवलेला दिसला. कंपनीचे नाव, पद, पाठवण्याची तारीख आणि उमेदवाराची सही, अशा चार रकान्यांचा. एक मुलगा तो भरत बसला होता आणि आतून त्या गृहस्थांचा आवाज ऐकू येत होता: “किती होतं ते सांगा आधी. मग किती झालं ते बघू.”